आधी गट ठरू द्या

“ओपन की प्रॉडक्शन?”

“कट की फुल?” हॉटेलवाला विचारतो.

राजूरच्या एसटी स्टँडजवळ रोज सकाळी हा संवाद झडतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळतं. पहिल्याचं गेल्या दीड वर्षात मिळालेलं नाही. तो विचारणारा आमचा डिव्हिजनराव. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण ते आता सातबाऱ्यावरच उरलंय.

असा एक नमुना गावोगाव असतो. तबला शिकायचा तर आधी घराणं ठरवणारा, विहिरीत उडी मारायच्या आधी पोहण्याचा प्रकार निवडणारा. आमच्या डिव्हिजनरावाने मागे शेळ्या पाळायचं काढलं होतं. उस्मानाबादी की संगमनेरी, यावर दोन उन्हाळे गेले. गोठा मात्र झोकात बांधून झाला. त्यात आज सिमेंटच्या गोण्या आहेत.

आणि हाच माणूस हार्डवेअरच्या दुकानात बसला की बघावा. गिऱ्हाईक दारात असतानाच विचारतो, “पत्र्याला की लाकडाला? मग हा घे. पाव किलो पुरे.” दुसऱ्याचा खिळा निवडायला त्याला श्वासाएवढाही वेळ लागत नाही.

नेमबाजी त्याच्या अंगात शिरली ती १ ऑगस्ट २०२४ ला. त्या दिवशी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. खेड्यातला पोरगा, रेल्वेतली नोकरी आणि थेट ऑलिंपिक. डिव्हिजनरावाने दुकानात पेढे वाटले, तेही राजूरचेच, म्हणजे स्वतःच्या गावात स्वतःच्या गावचे. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “रायफलचं सगळं बघितलं. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्याने. त्यातलं गुडघ्याचं आपल्याला नाही जमणार. गुडघे भातलावणीत गेले.”

“मग?”

“पिस्तूल.”

त्याच ऑलिंपिकात तुर्कस्तानचा युसूफ डिकेच एक हात खिशात घालून आला आणि मिश्र दुहेरीत रौप्यपदक घेऊन गेला. वय ५१. डोळ्यावर साधा चष्मा. ते चित्र बघितल्यापासून डिव्हिजनरावाचा डावा हात महिनाभर खिशातच होता. सुटे पैसेही उजव्याच हाताने द्यायचा. गिऱ्हाइकांना वाटलं, हात दुखावला. एका म्हातारीने तर लेप सांगितला.

इथवर ठीक चाललं होतं. पण मोबाइलवर कुणीतरी त्याला प्रॅक्टिकल पिस्तूल दाखवलं. कमरेला पिस्तूल, कानाशी बझर वाजतो, माणूस पिस्तूल उपसून पळत सुटतो, आडोशामागून पुठ्ठ्याच्या आकृत्यांवर आणि लोखंडी पत्र्यांवर गोळ्या झाडतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं, की झाला निकाल. म्हणजे नेम चुकवूनही चालत नाही आणि रेंगाळूनही. या खेळाची आयपीएससी ही जागतिक संघटना १९७६ साली अमेरिकेत निघाली. तिच्या पिस्तुलाच्या डिव्हिजनी कळल्या त्या दिवशी आमच्या माणसाला घबाडच सापडलं.

“ओपनमध्ये वर लाल ठिपक्याची दुर्बीण चालते, नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारं यंत्रही चालतं. प्रॉडक्शन म्हणजे कारखान्यातून निघालं तसं. स्टँडर्ड मधलं. क्लासिकमध्ये जुन्या घाटाचं. शिवाय रिव्हॉल्व्हरचं वेगळं.” त्याने खिळ्यांच्या बिलबुकाच्या पाठीवर रकाने आखले होते. “आता बघ, काडतुसाचा जोर कमी असला तर मधल्या पट्टीबाहेर लागलेल्या गोळीला ३ गुण, जोर जास्त असला तर ४. पण प्रॉडक्शनमध्ये कितीही जोर लाव, गुण कमीचेच. मग जोर लावायचा कशाला?”

“अरे, पण नवशिक्याने काय घ्यायचं?”

“हातात असेल ते घेऊन उतरायचं म्हणतात. सगळे जाणकार हेच सांगतात.” तो माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला, जणू जाणकारांनी त्याच्या पोटावरच पाय दिलाय. “असं कसं चालेल?”

मग एका निवृत्त फौजदाराने त्याला कायदा सांगितला. परदेशात या खेळात सर्रास चालतं ते ९ एमएम पिस्तूल आपल्याकडे नागरिकाला मिळत नाही. तो प्रतिबंधित बोअर. मला वाटलं, आता हा खचणार. पण चेहऱ्यावर काय तेज आलं! पिस्तूल मिळणारच नाही म्हटल्यावर पैशांचा प्रश्न मिटला, परवान्याचा मिटला, सरावाचा मिटला, हरण्याचा तर मिटलाच. राहिली शुद्ध निवड. पुढचे चार महिने त्याने ओपनपासून रिव्हॉल्व्हरपर्यंत मनसोक्त येरझाऱ्या घातल्या.

त्याला जमिनीवर आणलं ते भाच्याने. भाचा पुण्यात शिकतो, बालेवाडीची रेंज बघून आलेला. म्हणाला, “मामा, १० मीटर एअर पिस्तूल कर की. ४.५ मिलिमीटरचा छर्रा आणि २० ज्यूलच्या आत असलं तर परवानाही लागत नाही.” मामाचा चेहरा पडला. परवाना लागत नाही म्हणजे सुरुवात करावी लागणार.

मग त्याने दुकानामागे सिमेंटच्या थप्पीपासून लिंबाच्या झाडापर्यंत १० मीटर टेपने मोजले. निशाणावरच्या १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. त्याने १२ एमएमच्या सळईचा तुकडा झाडाच्या बुंध्याशी आडवा बांधला, तोंड आपल्याकडे करून. “या तोंडापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान,” तो म्हणाला. मी १० मीटरवरून बघितलं. मला लिंबाचं झाड दिसलं.

पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त दीड किलो, आणि ते एकाच हाताने धरायचं. ७५ मिनिटांत ६० नेम. पिस्तूल येईपर्यंत हात तयार व्हावा म्हणून त्याने दुकानातला हातोडा उचलला. हात ताठ, एक डोळा बारीक, डावा हात खिशात. वीस सेकंदांत हातोड्याचं टोक थरथरायला लागलं, चाळिसाव्या सेकंदाला खांदा. नेमकं त्याच वेळी एक उधारीवाला मागच्या दाराने आत येत होता. समोर रोखलेला हातोडा बघून त्याने गेल्या दिवाळीपासूनची बाकी तिथल्या तिथे काढून दिली. नेमबाजीतून झालेली ही आजवरची एकमेव कमाई.

भाच्याने नवशिक्यांच्या स्पर्धेचा अर्जही आणून दिला. नाव, जन्मतारीख, पत्ता हे सगळं मोत्यासारख्या अक्षरात भरलं. ‘इव्हेंट’च्या रकान्यात मात्र पेन्सिल. एनआर की आयएसएसएफ? राष्ट्रीय नियमांचा की आंतरराष्ट्रीय? तिथे इतक्या वेळा लिहून खोडलंय, की कागद उजेडात धरला तर पलीकडचं दिसतं.

अशात डांगी जनावरांचं प्रदर्शन आलं. आमच्या राजूरचा हा मोठा सोहळा. डांगी म्हणजे या डोंगरातलं जनावर, पांढऱ्यावर काळे नाहीतर तांबडे ठिपके. कातडीला असं तेल, की मुसळधार पावसात ते चिखलात उभं राहून काम करतं. मी डिव्हिजनरावाला ओढून नेलं. वाटेत फुगे फोडायचं दुकान होतं. फळीवर रंगीत फुग्यांच्या ओळी, पुढे साखळीने बांधलेली एअर रायफल. मी पैसे देऊन ती त्याच्या हातात ठेवली. त्याने नळी न्याहाळली, दस्ता खांद्याला लावला आणि परत ठेवली.

“ही रायफल. आपला विचार पिस्तुलाचा चाललाय. हात बिघडतो.”

“हात कशाने बिघडतो?” दुकानवाला म्हणाला. “फुगा फुटला म्हणजे झालं, दादा.”

“तुमच्यात ओपन साइट असते ना, तिथेच सगळा घोळ आहे,” असं त्याला समजावून डिव्हिजनराव पुढे निघाला. मागून दोन फुगे फुटल्याचा आवाज आला. त्याने वळून बघितलं नाही.

मैदानात आबा आपला वळू घेऊन उभे होते. सत्तरीच्या पुढचे, डोक्याला मुंडासं. परीक्षक आले, वळूचा ओठ वर करून दात मोजले. चार. कागदावर लिहिलं, चारदाती. पुढच्याचा ओठ उचलला, दोनदाती. त्यापुढचा आदत, अजून दुधाचे दात. शेवटचा जुळलेला, सगळे दात आलेले. सगळा कारभार मिनिटाभरात.

“आबा,” डिव्हिजनरावाने विचारलं, “याला कोणत्या गटात उतरवायचं हे तुम्ही कधी ठरवलं?”

आबांना प्रश्नच कळला नाही. “मी कशाला ठरवू? दात बघून गट. गट बघून कधी दात आले का?”

तेवढ्याने त्याच्या डोक्यात काहीतरी पेटलं. खिशातून अर्ज निघाला, जन्मतारखेवर बोट गेलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आपण उगाच पिस्तुलाचा विचार करत बसलो रे. वयाचा गट बघितलाच नाही! आपल्याकडे पंचेचाळीसला मास्टर्स लागतं. आता मला त्रेचाळीस. आत्ता उतरलो तर विशीतल्या पोरांशी गाठ. दोन वर्षं थांबलो की समवयस्क. तोवर पिस्तूलही नीट निवडता येईल.”

आबांनी वळूच्या पाठीवरून हात फिरवला आणि याच्या तोंडाकडे जरा निरखून बघितलं.

“म्हंजे जुळल्यावर उतरणार म्हण की.”