आवाज येऊन राह्यला का?

साखरखेर्ड्यात फोन उचलल्यावर पलीकडून ‘हॅलो’ऐवजी ‘आवाज येऊन राह्यला का?’ असं ऐकू आलं, की समजावं, आबा. ‘हो’ म्हणून सुटका नाही. पुढचा प्रश्न, ‘कसा येऊन राह्यला?’ इथं ‘बरा’ हे उत्तर चालत नाही. घुमतो का, फाटतो का, मागून येतो का, हे वेगवेगळं सांगावं लागतं. सांगून झालं की ‘बरं, ठेव’ म्हणून आबा मोकळे. काम काहीच नसतं.

आबा टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. कमरेला रिसीव्हर लटकवून खांबावर चढायचं आणि वरून ‘हॅलो, टेस्टिंग’ करायचं, हीच उभी नोकरी. आता घरात फायबर आलं, फोन फायबरच्या डब्याला जोडला गेला आणि आबांना चढायला खांबच उरला नाही. मग ते सेटिंगमध्ये चढले. नातवानं पासवर्ड सांगितला होता. त्या पोराला अजून घरात बोलणी बसतात.

आत कोडेकची यादी. कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे करणारी आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी रीत. जी.711 आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजतो आणि 64 किलोबिट खातो, जी.729 तेच 8 किलोबिटांत भागवतो. आबा हाडाचे काटकसरी, त्यांनी 729 लावला. मेहकरचे व्याही म्हणाले, ‘आबा, सर्दी झाली का?’ आबांनी फोन ठेवला, 711 लावला, पुन्हा फोन केला. ‘आता?’ ‘आता गेली.’ व्याह्यांना खरं तर साखरपुड्याची तारीख ठरवायची होती. ती राहूनच गेली.

पुढे आबांना कळलं, की 729च्या दर 20 मिलिसेकंदांच्या पाकिटात आवाज 20 बाइट आणि वरचा पत्ताच 40 बाइट. म्हणजे 8चा हिशेब प्रत्यक्षात 24वर जातो. ही उधळपट्टी ते आठवडी बाजारात भाजीवाल्यांनाही समजावून सांगू लागले. मेथी तेवढी विसरली.

711चेही दोन प्रकार. आपल्याकडे ए-लॉ, अमेरिकेत म्यू-लॉ. लेक न्यू जर्सीला, म्हणून आबांनी म्यू-लॉ वर ओढला होता. पण दोन देशांत फोन लागला, तर बदल करून घेण्याचं काम म्यू-लॉवाल्या देशानं करायचं, असा आंतरराष्ट्रीय दंडकच निघाला. आबांनी ए-लॉ जागच्या जागी नेला. ‘आपन कावून बदलाचं? त्यायचं काम हाय ते!’ 1724 साली निजामानं इथं मुबारिजखानाला हरवलं, त्यानंतर एवढा मोठा विजय गावानं पाहिला नसेल.

जी.722 हा मात्र त्यांचा दुखरा कोपरा. त्यात आवाज भरदार येतो, ‘स’ आणि ‘श’ निरनिराळे ऐकू येतात. आबांनी तो यादीत अगदी वर ठेवलाय. पण पलीकडच्या यंत्रालाही तो यायला हवा. नाही तर दोघांना जमतं त्यावरच भागतं, आणि ते बहुतेक 711च निघतं. आबा मोठ्या आशेनं विचारतात, ‘श ऐकू येते का, श?’ समोरचा म्हणतो, ‘कोन यश? यश इथं नाही राहत.’

लाइट गेली की डबा बंद, फोन बंद. जुन्या तांब्याच्या तारेला वीज एक्सचेंजमधून यायची, गाव अंधारात असलं तरी फोन वाजायचा. हे आबा दर लोडशेडिंगला सांगतात. त्या वेळी इतर काही चालू नसल्यामुळे ऐकावंच लागतं.

परवा मोबाइलवर लेकीच्या वास्तुशांतीचे फोटो आले. आबा चाटच पडले. ‘पोरीनं घर घेतलं अन् मले कोनं सांगतलं नाही!’

आजी चहा गाळत होत्या. म्हणाल्या, ‘तिनं दोन डाव सांगतलं. तुमी दोनी डाव म्हनले, आवाज चांगला येऊन राह्यला, ठेव आता.’