वेळ उरला तर सोनगड

गाडीला अजून दोन तास आहेत, हे नवापुरात मोठ्याने बोलू नये. नानांच्या कानावर गेलं की ते दोन तास तुमचे राहत नाहीत.

नाना म्हणजे आमच्या आतेभावाचे सासरे. पण तुम्हाला ओळख कशाला करून द्यायची? पाहुण्याने पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत "आमच्याकडे पाहण्यासारखं खूप आहे" म्हणत चपला शोधायला लागणारा गृहस्थ प्रत्येक तालुक्याच्या गावाला एक तरी मिळालेला असतो. इतर गावांतल्या नानांकडे दाखवायला पाण्याची टाकी आणि नवीन झालेलं सभागृह असतं. नवापूरच्या नानांकडे खरोखरच काहीतरी आहे, आणि पंचाईत तिथेच आहे.

त्यांच्याकडे बाकडं आहे.

नवापूरच्या फलाटावरून महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते. आठशे मीटरचा फलाट. त्यातला तीनशे मीटर आपला, पाचशे त्यांचा. स्टेशन झालं तेव्हा ही भानगड नव्हती. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली आणि रेष स्टेशनातून गेली. त्या रेषेवर एक बाकडं आहे, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. प्रसाधनगृहही गुजरातेत. "म्हणजे तिकीट स्वराज्यात काढायचं आणि मोकळं परराज्यात व्हायचं," हा नानांचा विनोद. पाहुणा हसेपर्यंत ते पुढे सरकत नाहीत.

बाकड्यावर बसवण्याची त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी आपल्या टोकाला बसवतात. "बसा." मग कमरेला हात लावून हळूहळू सरकवतात आणि रेष ओलांडली, की त्याच दमात, "बेसो, बेसो!" भाषा बदलते, आवाजही बदलतो. मग दोन्ही राज्यांत एकेक मांडी येईल असं मधोमध बसवून फोटो. फोटोत रेष दिसली नाही तर पुन्हा फोटो. एका जाडजूड पाहुण्यांनी दोन्ही बाजूंची रेष झाकून टाकली, तेव्हा नानांनी त्यांना सरळ उभं केलं आणि रिकाम्या बाकड्याचा फोटो काढून त्यांना पाठवला.

बाकड्यावर बसल्यावर प्रश्नमंजूषा सुरू होते. "समजा, एक माणूस या बाकड्यावर आडवा झाला. डोकं महाराष्ट्रात, पाय गुजरातेत. त्याच्याकडे बाटली आहे. गुजरातेत दारूबंदी. त्याला पकडायचा की नाही?" आपण बिचारे म्हणतो, बाटली ज्या बाजूला असेल त्यावर ठरेल. नाना याचीच वाट पाहत असतात. "आणि बाटली पोटात असेल तर?"

दुसरा ठेवणीतला मुद्दा जिल्ह्यांचा. "बाकडं तसूभर हललं नाही पाहा. पण हे टोक धुळे जिल्ह्यात होतं, ते १९९८ ला नंदुरबारात गेलं. ते टोक सुरतेत होतं, ते २००७ ला तापी जिल्ह्यात गेलं. जिल्हे हलतात, बाकडं हलत नाही." एवढ्यात घोषणा होते. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी, चार भाषांत. गाडी उशिराने धावत आहे. नानांचा चेहरा चारही वेळा उजळतो.

नवापूरला दुसरं काही नाही असं मात्र समजू नका. गावाला रंगावली नदी आहे. पिंपळनेरच्या वाटेवर चरणमाळचा घाट आहे. पलीकडे उकाईच्या धरणाचं पाणी आहे. आणि सोनगड! बडोद्याच्या आधी गायकवाडांची राजधानी जिथे होती, तो किल्ला. नाना प्रत्येक पाहुण्याला सोनगडचं निमंत्रण देतात, "वेळ उरला तर सोनगड करू." बाकडं झाल्यावर वेळ उरल्याचं आमच्या नातेवाइकांत कुणालाही आठवत नाही.

मुलगी पाहायला सुरतेहून आलेल्या मंडळींनाही त्यांनी आधी बाकड्यावर नेलं. मुलाकडचे त्यांच्या टोकाला, मुलीकडचे आपल्या टोकाला. बोलणी अडली ती लग्न कुठे करायचं यावर. तासभर कुणी सरकेना. शेवटी इंदूर ठरलं. लग्न झालं, संसार उत्तम चालला आहे, आणि श्रेय अर्थात बाकड्याला.

एकदा पुण्याचा भाचा आला. पाठीवर त्याच्याच उंचीची बॅग टाकून तो थायलंड, कंबोडिया फिरून आला होता आणि जिभेवर तेच होतं. थायलंडात पाय नावाचं एक लहानसं गाव आहे, तिथे जाताना घाटात ७६२ वळणं लागतात. पोरं ती सोसून जातात आणि तो आकडा छापलेली बनियनंही विकत घेतात. कंबोडियातल्या कंपोत गावात चौकात डुरियनचा मोठा पुतळा आहे, त्यापुढे उभं राहून जगभरची पोरं फोटो काढतात.

"डुरियन म्हणजे?"

"फणसासारखं फळ, नाना. वास फार मारतं."

नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वास मारणाऱ्या फणसाचा पुतळा पाहायला लोक विमानाने जातात. आणि आमच्या बाकड्याने काय घोडं मारलंय?" भाच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

तसा देश एकदा नवापूर पाहायला आला होता. फेब्रुवारी २००६. भारतातला पहिला बर्ड फ्लू इथल्या पोल्ट्रीत सापडला आणि दिल्ली-मुंबईचे कॅमेरे धावत आले, तोंडाला पट्ट्या बांधून. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, शेडच्या शेड रिकाम्या झाल्या. नानांनी एका वार्ताहराला गाठलं, चहा पाजला आणि म्हणाले, चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो. वार्ताहराने विचारलं, कोंबड्या कुठे पुरल्यात तिथे न्याल का? नाना त्याला घेऊन गेले. बाकड्याचं नाव काढलं नाही. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. नाना स्वतः सांगत नाहीत, आणि न सांगितलेली त्यांची ही एकच गोष्ट. २०२१ मध्ये तोच रोग पुन्हा आला, कॅमेरे पुन्हा आले. मधे २०१६ ला नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नानांच्या दारात कुणी कॅमेरा घेऊन उभं राहिलं नाही.

आपल्या गावात कुणी मुद्दाम येत नाही, जो येतो तो गाडी चुकली म्हणून, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. स्वतःची मुलंही सुरतेहून दिवाळीला येतात ती परतीचं तिकीट काढूनच. म्हणून जो हाती लागेल त्याला तो गाव दाखवून घेतो. माणूस वैतागवाणा आहे, यात मी एक शब्द मागे घेणार नाही. पण गावाचा पर्यटन विभाग कुणी विनापगारी, स्वखर्चाने, एका बाकड्यावर चालवत असेल तर तो हाच.

तेव्हा सुरत-भुसावळ मार्गावर नवापूरला उतरलात तर सोनगडचा हट्ट धरा. नेणार नाहीत, पण धरा. आणि निघताना ते तूरडाळ बांधून देतील, पैसे घेणार नाहीत; पिशवी लहान न्या.