परसबाग आणि परसाकडे

कोकणातल्या आमच्या घरी अननस कुणी मुद्दाम लावल्याचं मला आठवत नाही. विहिरीच्या कडेला, सांडपाण्यावर, काटे उगारून तो आपला आपण वाढायचा. पोर्तुगिजांनी फळ आणलं, नावही त्यांच्याकडूनच आलं. पुढचे लाड आम्ही कुणी केले नाहीत. त्यामुळे इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये, हेलिगनच्या जुन्या परसबागेत, अननसाची बाळंतिणीसारखी शेक-शेगडी चाललेली पाहून आधी हसूच आलं.

शेगडी कसली, तर घोड्याच्या लिदीची. काचेच्या झाकणाखाली खड्डा, त्यात अननस, आणि दोन्ही अंगांच्या चरांत ताजी लीद. ती कुजताना तापते, ऊब भिंतीतल्या फटींतून आत झिरपते. थंडावली की चर पुन्हा भरायचे. व्हिक्टोरियाच्या काळातली ही खटपट नव्याने मांडल्यावर १९९७ मध्ये अननस पिकले. त्यातला एक राणीकडे रवाना झाला. मजुरी धरली तर एक अननस हजार पौंडांच्या वर जातो, असं सांगतात. मी मनातल्या मनात रुपये केले आणि विहिरीकडच्या अननसाची क्षमा मागितली.

बागेच्या उंच भिंती वारा अडवतात, चोर अडवतात, शिवाय दिवसभर ऊन पिऊन रात्री अंगाला टेकलेल्या फळझाडांना ऊब देतात. आपल्याकडे कुंपण शेत खातं. इथलं कुंपण पिकवतं.

हेलिगनची ही इस्टेट ट्रेमेन घराण्याची. पहिल्या महायुद्धाआधी इथे बावीस माळी राबत. युद्धाने माणसं नेली, मागे काटेरी वेलींनी भिंतींसकट सगळं गिळलं. १९९० मध्ये टिम स्मिट आणि घराण्यातले जॉन विलिस त्या रानात शिरले, तेव्हा त्यांना एका मोडक्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली नावं दिसली. खाली ऑगस्ट १९१४. वर तंबी: इथे झोपा काढायला येऊ नका.

ती खोली म्हणजे माळ्यांचा संडास.

मराठीत परसात बागही असते आणि माणूस 'परसाकडे'ही जातो, हे मला तिथे उभं राहून प्रथमच नीट उमगलं. दिवाणखान्यात मालकांची तैलचित्रं लागतात. माळ्यांनी आपली आठवण जिथे घटकाभर बसायला मिळायचं तिथे ठेवली. बाग पुन्हा उभी करणाऱ्यांनीही मालकांपेक्षा या माळ्यांचीच गोष्ट सांगायचं ठरवलं. त्या माळ्यांतले बरेचजण युद्धावरून परतले नाहीत. अक्षरं इतकी पुसट की नाक भिंतीला लागेपर्यंत वाकावं लागतं, आणि संडासाच्या भिंतीला नाक लावून मी आजवर इतक्या आदराने कुठेच उभा राहिलो नव्हतो.

बाहेर आलो तर ही भोपळ्यांपाशी ताटकळलेली. "इतका वेळ काय करत होतात परसाकडे?"

"नावं वाचत होतो," म्हटलं.