मुखत्यारावर भरवसा किती?

निवडणूक कायदा कोणावरही भरवसा ठेवत नाही, असे म्हणणाऱ्यांनी मधल्या बोटाचा नियम वाचावा. 2003 पासून सैन्यदलातल्या जवानाला आपल्या मतदारसंघातला माणूस ‘प्रॉक्सी’ म्हणजे मतदानाचा मुखत्यार म्हणून नेमता येतो. त्याने जवानाचे मत दिले की शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागते; तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी राखीव. भरवसा उडाला तर 13-जी नमुना भरायचा, नेमणूक रद्द! दुबईतल्या रत्नागिरीकराला मात्र तोच कायदा बजावतो : मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः हजर व्हा. 2024 च्या लोकसभेला अशा सुमारे 1.19 लाख परदेशस्थ मतदारांपैकी तीन हजारही आले नाहीत. आले तेही बहुतेक केरळचे. त्यांना प्रॉक्सी देणारे विधेयक ऑगस्ट 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि राज्यसभेची मंजुरी न मिळताच 2019 मध्ये लोकसभेबरोबर विसर्जित झाले. बीडच्या ऊसतोड मजुराच्या वाट्याला तेवढेही नाही. 2024 मध्ये विधानसभेचे मतदान आणि गाळप हंगाम एकाच नोव्हेंबरात आले. फड धरायचा की मतदान केंद्र, हे त्याचे त्याने ठरवावे.

त्यालाही प्रॉक्सी द्यावा म्हटले, तर आक्षेप असा, की मताची गुप्तता जाईल आणि उचल देणारा मुकादम टोळीभर मतांचा मुखत्यार होऊन बसेल. भीती खरी आहे, पण तिच्यावर उपायही आहे. ब्रिटनमध्ये एका माणसाला फार तर चौघांचे प्रॉक्सी होता येते, त्यातही देशात राहणारे दोघेच. आपण एकावर थांबावे. मुकादमाला तेवढ्यात टोळी बांधता येणार नाही.

उरला तो नेत्यांचा लाडका आक्षेप : मतदाराने सांगितले एक आणि मुखत्याराने बटण दाबले भलतेच, तर? ही काळजी पाहून ऊर भरून येतो. 2022 आणि 2023 मध्ये महाराष्ट्राच्या आमदारांनी, काहींनी तर सुरत-गुवाहाटीमार्गे, मतदाराची मुखत्यारी परस्पर दुसऱ्या बाकावर नेली, तेव्हा ही काळजी कुठे होती कोण जाणे. जवानाचा प्रॉक्सी फिरला तर एक मत फिरते. आमदार फिरला तर अख्खा मतदारसंघ फिरतो आणि मतदाराच्या हाती रद्द करायला कागदाचा चिटोराही नसतो. तेव्हा विश्वासघाताचीच धास्ती असेल, तर प्रत्येक मतदाराला आमदारासाठीही एक कोरा 13-जी द्यावा. तसे विधेयक आलेच, तर सभागृहात एकमत व्हायला वेळ लागणार नाही : आधी जवानाचा 13-जी बंद करा, लोकांना नसत्या सवयी लागतात!