झाकली मूठ
देवणी तालुक्यात गोल्फ खेळणारा मी एकटाच असावा. पण मी स्वतः सांगत सुटेपर्यंत ही गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती. इथं देवणी म्हटलं की वळू. वानेरा, बालंक्या, शेवरा हे तिन्ही प्रकार शेंबडं पोरगंही लांबून ओळखतं. माझी सात नंबरची आयर्न काठी मात्र ‘सरांची हॉकी’. त्यात हातमोजा पांढरा, तोही एकट्या डाव्या हातात. सरांना खरूज झाल्याची बातमी त्याच आठवड्यात वलांडीला पोचली.

काठ्या हैदराबादच्या साडूंच्या. ते गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात, कुतुबशाही तटबंदीच्या आत, गोल्फ खेळतात. १९५६पर्यंत आमचा मुलूख बीदर जिल्ह्यात, म्हणजे हैदराबादच्याच राज्यात होता. तेव्हा तिकडून उतरलेली वस्तू वापरायला कमीपणा कसला? नियमाप्रमाणे पिशवीत चौदा काठ्या चालतात. साडूंनी सात दिल्या, आणि सातही मुठींचं रबर निबर होऊन चकाकत होतं.

मग माझा अभ्यास सुरू झाला. मुठी अंडरसाइज, स्टँडर्ड, मिडसाइज आणि जंबो अशा मापांत मिळतात. डाव्या हातानं धरल्यावर मधल्या बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकावीत. रुतली तर मूठ बारीक, लांब राहिली तर जाड. हाताला घाम येत असेल तर रबरात सुती दोरा गुंफलेली मूठ घ्यावी. मराठवाड्याच्या मे महिन्यात कुणाच्या हाताला येत नाही? माझा हात चोख स्टँडर्डचा. मागवल्या मिडसाइज. जंबोच मागवणार होतो, पण बायको शेजारी बसली होती.

देखभाल म्हणजे कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना ब्रश आणि सावलीत वाळवण. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवल्या की रबराचा जीव जातो. हे मी अंगणात बसून मन लावून करतो. “पातेल्यांना कधी हात लावला नाही ह्या माणसानं,” असं बायको भिंतीकडं बघून म्हणते.

आमच्या वडलांची मात्र तऱ्हाच वेगळी. कुऱ्हाडीला दांडा घालायचा तर ते आधी बांधावरच्या बाभळी हिंडून बघायचे. सरळ फांदी हेरायची, तोडून सावलीत वाळवायची, सुताराकडून तासून घ्यायची आणि मग दुपारभर फुटक्या काचेनं खरवडत बसायचं. मधूनमधून डोळे मिटून मूठ आवळायची. मनासारखं झालं नाही की पुन्हा काच. शेवटी पाचर ठोकायची, करडईचं तेल चोळायचं आणि रात्रभर पात्यासकट पाण्यात ठेवायचं, म्हणजे लाकूड फुगून गच्च बसतं. दांडा त्यांच्या हाताचा, दुसऱ्याच्या हातात तो ओरबाडायचा. मी तो कधी धरला की ते काढून घ्यायचे आणि म्हणायचे, “तू पुस्तक धर.” तेव्हा राग यायचा. त्यांच्या तळव्याचे घट्टे बघितले होते, तरी यायचा.

एकदा जुनी मूठ चिरून काढली, दांड्याला दुहेरी चिकटपट्टी लावली आणि नव्या मुठीत टर्पेंटाइन ओतत होतो. ती भिजल्यावर एका दमात सरकवावी लागते. अर्ध्यात अडकली की संपलं. त्याच वेळी सोयाबीन खुरपायला येणारी मावशी दारात उभी.

“काय करायलाव, सर?”

मी मापांपासून सगळं सांगितलं. तिनं नवी मूठ घेऊन दाबून बघितली.

“आन् आमच्या खुरप्याला?”

तिच्या खुरप्याच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, वर लुगड्याची चिंधी. आमच्या बाजारात खुरपं एकाच मापाचं मिळतं. तिच्या हातालाही तेच, आणि तिचे दोन हात मावतील एवढ्या पंजाच्या गड्यालाही तेच. चेंडू मारण्यापुरती क्षणभर काठी धरणाऱ्या माझ्यासारख्यासाठी एवढी मापं काढली. आठ तास खुरपं धरणाऱ्या बाईच्या पंजाचा विचार आमच्या बाजारानं केला नाही. याचा मला अजून संताप येतो, आणि संतापात मी मिडसाइजच वापरतो.

“केवढ्याला पडली वो ही?”

मी किंमत सांगितली नाही. ती तिच्या दिवसाच्या रोजापेक्षा जास्त होती. आठवी मूठ जादा मागवलेली होती. ती निम्मी कापून खुरप्यावर चढवून दिली.

चार दिवसांनी मावशी परत आली.

“बरी हाय. चिखलात निसटंना. पर जाड हाय जरा. सुनंचा हात ल्हान हाय माझ्या, ह्येच्यात बारीक असती का?”

“असते ना, अंडरसाइज!” मी मोबाइल काढत म्हणालो. आतून बायको म्हणाली, “मागवाच. आणि तुमच्या मापाच्याही मागवा एकदा.”