उजव्या हाताची दिशा

उजवं-डावं ठरवायची वेळ आली की आजही माझी बोटं वरणभात कालवल्यासारखी हलतात. ज्या हाताची हलली तो उजवा. शाळेत कवायतीच्या तासाला एवढी सवड मिळत नसे. 'दाहिने मूड' असा हुकूम सुटला की अख्खी रांग एकीकडे वळायची, मी दुसरीकडे, आणि माझं नाक शेजारच्या पोराच्या नाकाला भिडायचं. वैतागून सरांनी एकदा माझ्या उजव्या मनगटाला सुतळी बांधली. रात्री मी ती सोडून ठेवली आणि सकाळी आठवणीनं पुन्हा बांधली. डाव्या मनगटाला.

अशा माणसानं दिशांच्या वाटेला जाऊ नये. पण मला शब्दांची कुळं काढायचा नाद आहे आणि तो गेल्या डिसेंबरात गुहागरला भोवला. बायको, मेहुणा आणि मी, तिघं संध्याकाळी व्याडेश्वराचं दर्शन घेऊन समुद्रावर गेलो. उतरलो होतो ते घर गावाच्या दक्षिण टोकाला. घरमालक काका वाटेत भेटले. "रिक्षा कशाला करताय? पुळणीवरनंच या की चालत. दक्षिणेकडे चालत सुटायचं. समुद्र उजव्या हाताला..."

पुढचं मी ऐकलं नाही. 'दक्षिण' आणि 'उजवा' हे दोन शब्द एका वाक्यात आले आणि मला स्फुरण चढलं. "अगदी बरोबर! दक्षिण म्हणजे उजवीच!" मी म्हणालो. काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि "बरं" म्हणून पिशवी उचलून निघून गेले. त्या 'बरं'मध्ये पुष्कळ काही होतं, हे आता कळतं.

मग मी मेहुण्याला धरलं. पूर्वी माणूस दिशा ठरवायचा ती उगवत्या सूर्याकडे तोंड करून. समोर असेल ती पूर्व, म्हणजे पुढची. पाठीमागची ती पश्चिम. 'पश्चात्'शी तिचं नातं, म्हणजे पश्चात्तापाचीही ती जवळचीच. उजव्या हाताला येते ती दक्षिण, कारण संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे मुळात उजवा. डावीकडची उत्तर, तिच्या नावाचा अर्थ 'वरची'. उत्तरीय म्हणजे वरचं वस्त्र, तसं. उजव्या हातानं काम चांगलं होतं म्हणून 'दक्षिण'चा अर्थ कुशल असाही होतो आणि 'दक्ष' त्याचाच भाऊबंद. लॅटिनमधला 'देक्स्तेर' म्हणजे उजवा, तोही याच घराण्यातला. आयरिश भाषेतल्या 'देस'चा अर्थ उजवा आणि त्याच शब्दाशी नातं सांगणारा शब्द दक्षिणेला. हिब्रू तर वेगळ्याच कुळातली भाषा, पण तिथंही 'यामिन' म्हणजे उजवी बाजू आणि दक्षिणही. एवढी माणसं, एवढे देश, सगळे सकाळी उठून पूर्वेकडे तोंड करून उभे!

"आणि दाहिना?" मेहुण्यानं विचारलं.

"तोही दक्षिणचाच नातू," मी म्हणालो आणि शाळेतली सुतळी आठवून क्षणभर गप्प बसलो. पण क्षणभरच. प्राकृतात दक्षिणचं 'दक्खिण' झालं, त्याचं दख्खन, इंग्रजांनी त्याचं डेक्कन केलं. म्हणजे पुण्याच्या बसमध्ये "एक डेक्कन द्या" म्हणणारा माणूस कंडक्टरकडे खरं तर एक उजवी मागत असतो. १९३० पासून पळणारी डेक्कन क्वीन ही उजवीकडची राणी. मेहुणा हसला. श्रोता हसला की मला आवरणं अवघड जातं.

सूर्य बुडाला. आम्ही तिघंही, माणसं समुद्रावर उभी राहतात तसे, पाण्याकडे तोंड करून उभे होतो. मी बोटं हलवून खात्री केली, उजवा हात आडवा केला आणि ऐटीत म्हणालो, "चला, दक्षिणेला." आयुष्यात प्रथमच मी उजवा हात पहिल्या फटक्यात ओळखला होता. तोंड पूर्वेकडे हवं, ही अट मीच पाच मिनिटांपूर्वी सांगितली होती, तिची आठवण मात्र मला झाली नाही. कोकणात पूर्वेकडे तोंड करायचं तर समुद्राकडे पाठ करावी लागते. ते कोण करतो?

पाऊण तास चाललो. सुरूचं बन मागे पडलं, दिवे विरळ झाले आणि एक पऱ्ह्या समुद्राला मिळताना आडवा आला. "काका पऱ्ह्याचं काही बोलले नव्हते," बायको म्हणाली. अंधारात दिशा कशी शोधतात ते आता दाखवतोच, म्हणून मी आकाशात शर्मिष्ठा हुडकली आणि तिच्यावरून ध्रुव. गुहागर साधारण साडेसतरा अक्षांशावर, म्हणून ध्रुवही तिथं क्षितिजापासून तेवढेच अंश वर, हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींपेक्षा थोडा खाली. "तो बघ!" पऱ्ह्याच्या पलीकडे, बरोब्बर आमच्या नाकासमोर ध्रुव लुकलुकत होता.

"भावोजी," मेहुणा अदबीनं म्हणाला, "ध्रुव कुठल्या दिशेला असतो?"

उत्तर समोर होतं, पण मला देता येईना.

बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "प्रदक्षिणा म्हणजे काय हो? देव उजव्या हाताला ठेवून चालायचं, ना? काका समुद्राचं तेच सांगत होते." इतका वेळ दक्षिणेची वंशावळ सांगताना मला दक्षिणा आठवली नव्हती, प्रदक्षिणाही नाही. कोकणात समुद्र उजव्या हाताला ठेवून चाललं की माणूस आपोआप दक्षिणेला जातो. काकांच्या अर्ध्या वाक्यात माझं सगळं व्याख्यान मावलं होतं, शिवाय घरी पोचायचा रस्ताही. मी लंगडं समर्थन केलं, की शंकराची प्रदक्षिणा अर्धीच असते, पन्हळीपर्यंत जायचं आणि ती न ओलांडता आल्या वाटेनं मागं फिरायचं. "ही बघ पन्हळ," मी पऱ्ह्याकडे बोट दाखवलं. ती तोवर मागं फिरली होती.

परतीला पावणेदोन तास लागले. समुद्र सगळा वेळ उजव्या हाताला होता. मी दर शंभर पावलांवर बोटं हलवून तपासत होतो.

काका ओटीवर बसले होते. काही विचारलं नाही. आत पानं मांडलेली होती, मी पहिल्या रिकाम्या पाटावर अंग टाकलं. आमटी वाढता वाढता काकांच्या आई थबकल्या. "आईवडील आहेत ना हो तुमचे?"

"आहेत."

"मग दक्षिणेकडे तोंड करून जेवू नये. जरासे डावीकडे वळा, म्हणजे पूर्व."

म्हणजे दक्षिण मला सापडली होती तर, न शोधता. मी पाट उचलला आणि त्या म्हणाल्या तसा वळलो. समोर मागलं दार सताड उघडं होतं आणि त्यातून समुद्राची गाज ऐकू येत होती.