कोपरखैरणे, पडघा, घोटी

माझी भाची अमेरिकेत ऑस्टिनला असते. 2019 मध्ये तिच्याकडे गेले होते, तेव्हा एका संध्याकाळी “मावशी, चल, मॅच बघू” म्हणत तिने मला गोदामासारख्या एका हॉलमध्ये नेलं. आत चाकांचे बूट घातलेल्या दहा बायका एकमेकींना खांद्याकंबरेने धक्के देत गोल गोल पळत होत्या आणि लोक टाळ्या पिटत होते. पहिली पाच मिनिटं मला वाटलं, यांचं भांडण झालंय, कुणीतरी सोडवा. पुढची पाच मिनिटं मी खुर्चीवरून उठून ओरडत होते.

खेळाचं नाव रोलर डर्बी. एका बाजूला पाच जणी. त्यातल्या एकीच्या हेल्मेटवर चांदणी असते, ती जॅमर. बाकीच्यांनी घोळका करून समोरच्या जॅमरला अडवायचं आणि आपलीला वाट करून द्यायची. ती घोळक्यातून निसटून वळसा घालून परत आली, की ज्या ज्या शत्रुपक्षीय बाईला मागे टाकील तिच्यामागे एक गुण. डाव जास्तीत जास्त दोन मिनिटांचा.

“अगं, ही तर आपली पंचवटी एक्सप्रेस!” मी म्हटलं. आमच्या समोरच्या वहिनी वीस वर्षं नाशिकरोडहून पंचवटीने नोकरीला जातात. खांद्याला पर्स, हातात डबा, आणि चढणाऱ्यांची भिंत फोडून फलाटावर उतरायचं. त्यांच्या डोक्यावर चांदणी लावायचीच काय ती बाकी.

भाचीने मग सगळा इतिहास सांगितला. 13 ऑगस्ट 1935 ला शिकागोत लिओ सेल्टझर नावाच्या गृहस्थाने ही टूम काढली. तेव्हा धक्काबुक्की नव्हती. एक बाई, एक पुरुष अशा जोड्यांनी आळीपाळीने एकाच रिंगणात फिरत राहायचं, अंतर किती, तर अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणजे 4,800 किलोमीटरच्या आसपास. नाशिकहून त्र्यंबकला ऐंशी वेळा जाऊन यावं तसं, फक्त वाटेत त्र्यंबक नाही. दोनतीन वर्षांत ध्यानात आलं, की लोक शर्यत बघायला येतच नाहीत, पडापड बघायला येतात. मग पडापड हाच खेळ झाला. हे कळायला शिकागोवाल्यांना दोनतीन वर्षं का लागली कोण जाणे. आमच्याकडे पावसाळ्यात खड्ड्यापाशी उभं राहिलं असतं तर एका दुपारी कळलं असतं.

पुढे तो खेळ बसला. 2001 मध्ये याच ऑस्टिनमध्ये पुन्हा उठला. ज्याच्या डोक्यातून कल्पना निघाली तो गृहस्थ मध्येच गाव सोडून गेला आणि बायकांनी सगळा कारभार स्वतःच्या हाती घेतला. भिशीची सूत्रं अनेक ठिकाणी अशीच हस्तांतरित झालेली मी पाहिली आहेत.

नाशिकला परतले ती डोक्यात चाकं घेऊनच. पुण्याचं उदाहरण होतंच. तिथे राजू दाभाडे यांनी 2003 मध्ये स्केट्सवर चेंडूचा टप्पा पाडत खेळायचा रोलबॉल काढला आणि 2011 चा पहिला विश्वचषकही पुण्यातच भरवला. पुणेकरांनी एखादी गोष्ट केली म्हटल्यावर नाशिककराला गप्प बसवत नाही. प्रत्यक्ष मुहूर्त लागेपर्यंत साहित्याचाही प्रश्न उरला नव्हता. 2021 च्या पंधरा ऑगस्टपासून आमच्याकडे ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ सुरू झालं होतं, त्यामुळे घरटी दोन हेल्मेटं. आणि मुलांनी चौथीत हौसेने घ्यायला लावलेले, स्क्रू फिरवून लांब होणारे स्केट्स प्रत्येकीच्या माळ्यावर.

पहिल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठ जणी जमलो. त्या रविवारी चाकं कुणीच लावली नाहीत, कारण सगळा वेळ नावं ठेवण्यात गेला. म्हणजे एकमेकींना नव्हे, स्वतःला. या खेळात प्रत्येक बाई काहीतरी दणदणीत टोपणनाव घेते. आमच्यातल्या धिप्पाड काकूंनी ‘कोपरखैरणे’ घेतलं. दिंडोरीच्या माहेरवाशिणीने ‘ढकांबे’. जिचा घोटा आधीच दुखत होता ती ‘घोटी’. मी ‘पडघा’. यादी वाचून वॉचमनने विचारलं, “ताई, गाडी कुठून सुटणार?”

दुसऱ्या रविवारी मी नियम वाचून दाखवले. खांद्याने ढकलता येतं, कंबरेने ढकलता येतं, कोपर मारायला सक्त बंदी. कोपरखैरणे काकू हेल्मेट काढून ताडकन उठल्या. “मग खेळायचं कशाला?” त्या गेल्या त्या गेल्याच, जाताना पोह्यांचं पातेलंही घेऊन गेल्या. संघाचं सामूहिक नाव काय असावं हा वादही त्याच दिवशी अर्धवट राहिला, तो अजून तसाच आहे.

तिसऱ्या रविवारी प्रत्यक्ष खेळ झाला. शिट्टी नव्हती. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “माझा कुकर लावलाय, तिसरी शिट्टी झाली की डाव संपला समजा.” गुणही त्याच आपल्या खिडकीतून मोजणार होत्या. पहिल्या शिट्टीपर्यंत आम्ही सगळ्या एका खांबाला धरून उभ्या होतो. दुसऱ्या शिट्टीला घोटी सुटली आणि स्कूटर्सची रांग एकामागून एक पत्त्यांसारखी आडवी करत गेली. त्यातली शेवटची सेक्रेटरींची. त्या गोंधळात मी खांब सोडला. चंदेरी टिकली चिकटवलेलं हेल्मेट डोळ्यांवर आलं होतं, समोर ढकांबे आणि पंचवटीवाल्या वहिनी हातात हात घालून उभ्या होत्या. कशी कोण जाणे, दोघींच्या मधून निघाले. वळसा घालून आले. पुन्हा निघाले.

दोन गुण. नाशिकच्या पार्किंगमधले पहिले दोन गुण!

मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. आजी गॅस बंद करायला आत गेल्या होत्या.

सेक्रेटरींची नोटीस सोमवारी लागली: पार्किंगमध्ये स्टिकर नसलेल्या कोणत्याही चाकाला परवानगी नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आजी अजूनही जिन्यात भेटल्या की सांगतात, तिसरी शिट्टी आधी झाली होती. मी सांगते, दोनच झाल्या होत्या. डाळ कच्ची राहिली होती, हे त्यांच्या सुनेने मला स्वतः सांगितलंय.